नुसतं वाचायचं

लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणली त्यानं.
एकाच मोज्यात. दुसरा कुठंय, मी विचारलं नाही.
बाहेर उणे चोवीस, नारिन नदी काठाकाठानं गोठलेली,
आणि तुरातबेक दारातूनच म्हणाला,
बुरुल एजे, लाव लवकर. दिसतच नाहीये.

लवकर काही लावायचं नसतं, म्हटलं.
थंडीतून आत आलेल्या लोखंडाला घाम फुटतो,
हिच्या पोटात घाम म्हणजे कारभार आटोपला.
टेबलावर ठेव. शेगडीजवळ नको, टेबलावर.
चहा घे.

दीड तास तो मोज्याकडे बघत बसला,
साखर विरघळली तरी चमचा फिरवत.
तीनशे बारा लग्नं आहेत हिच्यात, म्हणाला.
अट-बाशीपासून कोचकोरपर्यंत
ज्यानं ज्यानं मेंढरू कापलं
त्याच्या दारात मी कॅमेरा घेऊन उभा होतो.
आणि दुसरी प्रत?
चमचा फिरत राहिला.

मग एकेक.
पुढचं पोर्ट सोडून मागचं. काही नाही.
त्याची केबल वाकवून धरली की दिवा लागतो,
सोडली की जातो.
ही बाजूला टाकली, माझी आखूड लावली.
आता दिवा टिकला, पण आत
घर्र, थांब. घर्र, थांब.
पेटीला कान लावला मी.
टक टक असती तर बिश्केकमधल्या कुणाचा तरी नंबर देऊन
त्याला वाटेला लावलं असतं.
पण ही टक टक नव्हती. ही भूक होती.
शाळेनं टाकून दिलेला माझा संगणक,
त्याच्या एका पोर्टातून वीज येऊन येऊन किती येणार?
उठायचा प्रयत्न करत होती बिचारी
आणि बसत होती.

स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये जोडला.
एक लांब, सरळ घरघर.
तुरातबेकचे खांदे खाली आले.

तेवढ्यात पडद्यावर चौकट:
ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू?
किती अदबीनं विचारतात.
त्याचं बोट 'हो'वर निघालंच होतं,
मी मनगट धरलं. हाड लागलं हाताला.
अरे, हो म्हणजे कोरी पाटी.
हो म्हणजे तीनशे बारा नवऱ्या परत माहेरी.
मागच्या वेळी हिला कशी काढलीस?
ओढून, म्हणाला. लाइट गेली होती, घाईत होतो.

दोन बटणं पडलेला लॅपटॉप काढला, लिनक्सवाला.
त्याला सांगितलं, नुसतं वाचायचं,
एक अक्षर लिहायचं नाही.
माणसांना असं सांगता येत नाही.

आणि नावं आली. एकाखाली एक, वर्षावार,
काही चुकीच्या स्पेलिंगची, काहींना नुसते आकडे.
तो भराभर खाली जात राहिला, दोन हजार सोळापर्यंत.
उद्या जुमाकादिर आताचा चाळिसावा, म्हणाला.
पोरीला बापाचा आवाज हवाय. फोटो आहेत, आवाज नाही.

चाळीस सेकंद. तंबूचं दार, वाफ, कुणाची तरी पाठ,
मग पांढऱ्या टोपीतला म्हातारा थेट कॅमेऱ्यात येतो,
हातानं भिंग झाकतो आणि ओरडतो:
बंद कर ते. सकाळपासून उभायस. आधी जेव!
पुढं काळं. काळ्यातही त्याचं हसू ऐकू येतं.

तुरातबेक काही बोलला नाही.
मीही शेगडीत कोळसा टाकायला उठले,
कोळसा होता तरी.

कॉपी व्हायला पहाट झाली. दोन प्रती.
तो केबलीला हात घालणार, मी म्हटलं, थांब,
आधी तिला निरोप दे. बाहेर काढण्याचं बटण,
दिवा विझेपर्यंत दम धर. हं. आता.

काय बिघडलं होतं, त्यानं मोजा चढवत विचारलं,
डिस्कला, स्वतःला नाही.
थोडं थोडं सगळंच, मी म्हटलं.

तो गेल्यावर त्याची ती केबल मी कात्रीनं मधोमध कापली.
न कापता ठेवली तर परत खणात जाते,
आणि महिन्याभरानं
चांगली असल्यासारखी हाताला येते.